पितृपंधरवड्यात उघडलेले दुकान

आधी नर्मदामाईला हात जोडू. पावसाळा असो, उन्हाळा असो, ती वाहण्याचे काम कधी उद्यावर टाकत नाही. तिच्या काठच्या एका सज्जन बाईची ही कथा आहे, आणि ही बाई मात्र आयुष्यातली कितीतरी वर्षे योग्य दिवसाची वाट पाहत बसली होती.

वसुधाताई टेंभेकर देवांचे कपडे शिवतात. बाळकृष्णाचा अंगरखा, अन्नपूर्णेचे वीतभर लुगडे, विठोबाचा शेला, देवीची जरीची चोळी. त्यांच्या हातचे वस्त्र चढवले की पितळेची मूर्तीसुद्धा नुकतीच न्हाऊन आल्यासारखी प्रसन्न दिसते. ही विद्या त्यांना सासूबाईंनी दिली. नव्या सुनेच्या हाती सुई ठेवताना त्या माउलीने एवढेच सांगितले होते की, लोक बाहेरची बाजू पाहतात, देव आतली बाजू अंगाला लावून घेतो; तेव्हा आतला टाका आधी नीट घाल. वसुधाताईंनी ते वाक्य जपमाळेसारखे जपले.

सदरच्या बाजारात स्वतःचे छोटेसे दुकान असावे, ही त्यांची एकच इच्छा. ही इच्छा जबलपूरच्या मराठी मंडळात सर्वांना पाठ होती. हळदीकुंकवाला बायका हसून विचारत, "वसुधाताई, उद्घाटनाला नातसुनेला घेऊन येऊ की पणतीला?" ताईही हसत. घरी येत. मशीनवर बसून आणखी एक अंगरखा शिवत आणि पेटीत ठेवत. पेटी भरली की दुसरी पेटी येई.

आडवे काय येत होते? सांगायला ताईंपाशी पंचांग होते, आणि जबलपुरात एकावर भागत नाही. मराठी माणसाचा महिना अमावास्येला सरतो, हिंदी शेजाऱ्याचा पौर्णिमेला. नागपूरहून आणलेले एक पंचांग ताईंच्या देवघरात. याच शहरात छापलेले दुसरे शेजारच्या अमितादीदींच्या भिंतीवर. एकाने दार उघडले की दुसऱ्याने लावायचे! पौष आपल्याला नको, म्हणून ताई थांबत. गुढीपाडव्यासारखा साडेतीन मुहूर्तांतला लखलखीत दिवस दारी येई, तर अमितादीदी कुंपणावरून सांगत, "भाभी, अभी तो खरमास चल रहा है." सूर्य मीन राशीत असतो तो महिना त्यांच्याकडे शुभकार्याला वर्ज्य. पुढे चातुर्मास लागे. अधिकमास आला तर महिनाभराची सुटका. अक्षय्य तृतीयेवर दोन्ही पंचांगांचे एकमत होई, तेव्हा नेमके नागपूरला कुणाचे तरी लग्न निघे. पितृपंधरवडा तर कुणीच विचारू नये. तो सरला की घटस्थापना, आणि देवीच्या वस्त्रांची सारी खरेदी तोवर उरकलेली. मग ताई म्हणत, हंगाम गेला, आता पुढच्या वर्षी पाहू.

त्या वर्षी होळीच्या सुमारास नेमाजींचा सदरमधला एक गाळा रिकामा झाला. नेमाजी हे रत्नाकररावांचे, म्हणजे ताईंच्या यजमानांचे, फॅक्टरीतल्या नोकरीपासूनचे स्नेही. त्यांनी गाळा भाभीजींसाठी राखून ठेवला. पाडवा गेला, अक्षय्य तृतीया गेली, पाऊस पडून गेला, गणपती येऊन गेले. अखेर पितृपंधरवड्यात, अष्टमीच्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. मोबाइलची कव्हरे विकणारा एक जण रोज खेटे घालत होता. नेमाजी ओशाळून म्हणाले, "भाभीजी, कल शाम तक चाबी ले जाइए. उसके बाद मैं उसको मना नहीं कर पाऊँगा."

ताईंनी फोन ठेवला आणि सवयीने पंचांगाकडे हात नेला. तो हात मध्येच थांबला. पाहायचे काय होते? उद्या अविधवा नवमी. सासूबाईंचे श्राद्ध. यापेक्षा वर्ज्य दिवस शोधूनही सापडला नसता.

त्या पेटीपाशी जाऊन बसल्या. झाकण उघडले. रांगेने घड्या घातलेले ते अंगरखे, ते शेले, त्या चोळ्या. यांतले एकही वस्त्र कुणा परक्याने हाती घेतले नव्हते. घेतले असते तर? उलटसुलट करून परत ठेवले असते तर? इतक्या वर्षांत ताईंनी स्वतःला हे कधी विचारू दिले नव्हते. त्यांनी पौषाला पुढे केले, खरमासाला पुढे केले, आणि त्यांच्या आड त्यांची भीती सुखाने नांदली. देवाधर्माच्या नावावर आपण आपल्या भित्रेपणाला नैवेद्य दाखवत आलो, हे कळताच त्या सात्त्विक बाईला जो राग आला, तो आधी स्वतःचाच आला. मग तो हळूहळू सगळ्यांवर पसरला.

नवमीला दुपारी पान वाढले. गुरुजी जेवायला बसले, आणि खीर वाढता वाढता ताईंनी सांगितले की, ताटे उचलली की त्या दुकान उघडायला सदरला जाणार आहेत.

रत्नाकररावांचा घास हातात राहिला. "वसुधा, काहून असं करून राहिली तू? इतकी वर्षं थांबली. घटस्थापना आठवड्यावर आली आता."

गुरुजींनी शांतपणे दुजोरा दिला. नव्या कार्याला हा पक्ष वर्ज्य. चाबी आज घ्यावी, दुकान घटस्थापनेला उघडावे. सून प्रणोती मध्ये पडली आणि हाच मार्ग बरा आहे असे म्हणाली. मार्ग खरोखर बरा होता. ताईंना असे बरे मार्ग फार सापडले होते.

त्यांनी भांडे खाली ठेवले. "गुरुजी, सासूबाई आज या घरी जेवायला आल्या आहेत, असं मघा तुम्हीच सांगितलंत. मला सुई धरायला त्यांनी शिकवलं. त्या आलेल्या असताना दुकान उघडायचं नाही, मग काय त्या निघून गेल्यावर उघडू?"

 गुरुजींनी आणखी खिरीसाठी वाटी पुढे केली. 

दोन पेट्या आणि शिलाई मशीन ऑटोत चढले. फाटकाशी अमितादीदी उभ्या होत्या. "पितरों में दुकान, भाभी? कोई ग्राहक नहीं आएगा."

"न येऊ दे," ताई मराठीतच म्हणाल्या. "मी येऊन राहिली ना."

नेमाजींकडून चाबी घेऊन त्यांनी गाळा उघडला, जमीन पुसली, दिवा लावला, रामकृष्णहरी म्हटले. नारळ नाही, फीत नाही, पेढे नाहीत. फळीवर देवांची वस्त्रे मांडली आणि त्या बसल्या. तासाभराने छावणीतल्या एका फौजी अधिकाऱ्याची पत्नी आत आली. तिने देवीची जांभळी चोळी उचलली, उलटली, आतले टाके बोटाने चाचपले. "बहुत महीन काम है," ती म्हणाली. चोळी फळीवर ठेवली आणि निघून गेली.

झाले. ज्या क्षणाला ताई उभा जन्म भ्यायल्या, तो क्षण आला आणि गेलाही. डोळे भरले. आता शटर ओढावे, घटस्थापनेला रीतीने उघडावे, असे एक गोड, ओळखीचे बोलणे मनात सुरू झाले. ताईंनी त्याला उत्तर दिले नाही. जांभळी चोळी नीट घडी करून आणखी पुढच्या फळीवर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर ठेवली आणि मशीनमध्ये दोरा ओवला.

संध्याकाळी रत्नाकरराव न्यायला आले. काय खपले, त्यांनी विचारले. काही नाही, ताईंनी सांगितले.  रत्नाकरराव मशीन उचलायला वाकले.

"राहू द्या," ताई म्हणाल्या.

"चोरीला जाईल ना. घरी नेतो, तुला सकाळी शिवायला होईल."

"म्हणूनच नको. मशीन घरी असलं की मी घरीच राहते. हे आता इथंच राहील. शिवायचं असेल तर मला यावंच लागेल." त्यांनी सुईखाली अडकलेल्या, एकच बाही लागलेल्या अंगरख्याकडे बोट दाखवले. "आणि हा असाच अर्धा ठेवून चालली आहे मी. बाळकृष्णाला एका बाहीवर किती दिवस ठेवशील, म्हणून सकाळी माझंच मन मला उठवेल."

"उद्या दशमीचं श्राद्ध आहे अमितादीदींकडे. आपल्याला बोलावलंय."

"तुम्ही जा. माझं पान त्यांना सदरला पाठवायला सांगा."

रत्नाकररावांना हसू आले. त्यांनी शटर अर्ध्यावर ओढले. उरलेले ताईंनी स्वतः ओढून खाली टेकवले आणि कुलूप लावले.