शिंपीकाकांचे सहा गुण

पुनर्वसन विभागातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंना सगळे मागून ‘अजून-एक-बाई’ म्हणत. पेशंट घामाघूम होऊन थांबला, की बाई म्हणणार, "अजून एक पाऊल." गुरुवारी कुणाला घरी सोडायचं ते ठरवायला बैठक बसली, की डॉक्टरांपुढे तेच, "अजून एक आठवडा." आज बाई कुणासाठी भांडणार, यावर नर्सेस पैजा लावत. घरी नवऱ्यानं भांडणात हात टेकले तरी बाई ‘अजून एक’ म्हणत असतील, अशीही कुजबुज होती.

अशात त्यांच्या हाती शिंपीकाका आले. पक्षाघातानं डावं अंग लुळं. घर दुसऱ्या मजल्यावर, संडास खाली. जिन्याला कठडा एकाच बाजूला. चढताना तो उजव्या हाताला यायचा, उतरताना मात्र लुळ्या डाव्या. सरावाच्या लाकडी जिन्याला कठडे दोन्हीकडे. घरचं उतरणं शिकवायला बाईंना दोन आठवडे हवे होते.

मंगळवारी काकू भेटायला आल्या. आठवडाभर रडवेले असलेले काका त्यांच्यादेखत चार पायऱ्या उतरले. बाईंची दोन बोटं त्यांच्या कमरपट्ट्यात होती. म्हणजे तक्त्यावर जिन्याचे गुण पाच. बाईंनी हात न लावता उतरले, तर सहा, म्हणजे पास.

"बाई, आज हिच्यासमोर पास करा की!"

बाईंनी हसून सहा लिहिले. काकूंनी चक्क टाळ्या वाजवल्या.

गुरुवारी मोठ्या डॉक्टरांनी कागद पाहिला. "जिना सहा. सोमवारी घरी."

"डॉक्टर, घरचा जिना वेगळा आहे. दोन आठवडे द्या."

"तुमचे दोन आठवडे कधी संपतात हो?" सगळे हसले.

"तो सहा खोटा आहे," बाई म्हणाल्या. "मी पट्टा धरला होता. पाचच होते."

डॉक्टर हसायचे थांबले. "बाई, पेशंटसाठी भांडा, पण त्यापायी स्वतःचा कागद खोटा पाडू नका. खाटेसाठी अकरा जण थांबलेत."

नोकरी पणाला लावून बाई खरं बोलल्या, आणि नेमकं तेच कुणाला पटलं नाही.

उरलेल्या तीन दिवसांत त्यांनी काकांना उलटं उतरायला शिकवलं. तोंड जिन्याकडे, उजवा हात कठड्यावर.

"लोक म्हणतील, शिंप्याला पुढचं-मागचं कळेना!" काका कुरकुरले.

"म्हणू देत."

घरी गेल्यावर आठ दिवस काका तसेच उतरले. नवव्या दिवशी खाली शेजारीण उभी होती. तिच्यासमोर लाज वाटली, म्हणून सरळ उतरायला गेले.

खुब्याचं हाड मोडलं. आता उभं राहणं कठीणच, असं हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं. बाई त्यांच्या वॉर्डात गेल्या, तर काकांनीच मान खाली घातली.

"बाई, तुमचे सहा गुण मी वाया घालवले. तुम्हाला कुणी बोललं का हो?"

बाईंनी खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात उशाशी बसलेल्या काकू म्हणाल्या, "त्या दिवशी किती छान उतरले होते ना, बाई?"

"हो," बाई म्हणाल्या. "छान उतरले होते."