एका कोसाचं काम

"हिला पान्हा फुटलाय रे! पुढच्या गावात एखादं वासरू मिळालं तर लावा हिला."

दमणीत गादीवर बसलेला दलाल हे बोलला. शिपाई हसला. दमणीचे बैल हाकणारा हसला. मागे कापसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या. त्यांच्यावरची माणसं काय झालं म्हणून माना उंच करू लागली. कोणीतरी त्यांना सांगितलं. मग तीही हसली.

मी ओढ्यात उभी होते. पाणी मांडीला लागत होतं. ओढा किती खोल आहे हे पाहायला त्यांनी मला आधी उतरवलं होतं. मी कमरेच्या वर बुडाले तर गाडी थांबवायची, नाही तर घालायची. एवढं काम बांबूनेही झालं असतं. माझी चोळी पुढून भिजली होती, ती ओढ्याच्या पाण्याने नाही. एका हातात घुंगरांची काठी, दुसऱ्या हातात लुगड्याचा ओचा. पदर पुढे ओढायला तिसरा हात नव्हता.

"मांडीइतकं हाय," मी ओरडून सांगितलं.

ते हसत होते आणि मी त्यांना पाणी बरोबर सांगितलं. हसण्यापेक्षा याचीच मला नंतर जास्त लाज वाटली.

घरी माझी चार महिन्यांची पोर होती. तिला मी आदल्या दिवशी सकाळी पाजलं होतं. त्यानंतर नाही.

आम्ही महार. गावात आलेल्या सरकारी माणसाला, मोठ्या असामीला पुढच्या गावापर्यंत वाट दाखवायची, हे काम आमच्या घराकडे होतं. घोड्यापुढे, गाडीपुढे चालायचं. पुढचं गाव आलं की तिथला महार पुढे व्हायचा आणि आपण मागे फिरायचं. शिवेपासून शिवेपर्यंत. माझ्या बापाने हेच केलं, सासऱ्याने हेच केलं. तेव्हा महिन्यातून एखादा अंमलदार जायचा. कोसभर चालून माणूस भाकरीच्या वेळेला घरी असायचा.

मग कापसाला सोन्याचा भाव आला. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती म्हणे, आणि विलायतेच्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडातला कापूस पाहिजे होता. माझा नवरा एकदा वाट दाखवत अमरावतीपर्यंत जाऊन आला. सांगायचा, परकोटाच्या आत शहर मावत नाही. वेशीबाहेर कापसाच्या राशी, त्यांच्या बाहेर गाड्या, गाड्यांच्या बाहेर पुन्हा गाड्या. वेशीतून आत शिरायला दोन-दोन दिवस लागतात. विहिरींचा गाळ वर आला, बैलांना पाणी नाही. अकोल्याचीही तीच गत. पण या दोन शहरांच्या मध्ये रस्ता म्हणून काही नव्हतं. काळ्या मातीत गाड्यांच्या चाकोऱ्या, बस्स. पाऊस पडला की त्या पुसायच्या. शहरं वाढवायला सगळे पुढे, रस्ता करायला कोणी नाही. रस्त्याच्या जागी आम्ही होतो.

पौषात अवेळी पाऊस झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी पाटलाने मला बोलावलं. नवऱ्याला आठ दिवसांपूर्वी नेलं होतं, तो परतला नव्हता. मी ओट्याखाली उभी राहिले.

"नवरा नाई त तू जाय," पाटील म्हणाला. "काठी त हाय ना घरात?"

"पाटीलबाबा, तान्ही पोर हाय."

"एका कोसाचं काम हाय. शीव वलांडली का वापस ये."

सासूला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. तिने पोर मांडीवर घेतली आणि म्हणाली, "जाय माय. पोरीचं पोट भरलं हाय. तिची झोप होयेवरी येशीन तू."

मी गेले. दमणीत मुंबईहून आलेला कापसाचा दलाल होता. त्याला दोन दिवसांत अकोल्याचा बाजार गाठायचा होता, दुसरे दलाल पोचायच्या आत. तालुक्याचा शिपाई बरोबर होता. एक कोस झाला. पुढचं गाव आलं. मी काठी टेकून उभी राहिले आणि महारवाड्याकडे हाक दिली. एक म्हातारी बाहेर आली.

"कोनी नाई बाई," ती म्हणाली. "सारे वाट दाखवाले गेले. परवापासून कोनीच आलं नाई."

शिपायाने माझ्याकडे पाहिलं. "तुले पुढची वाट ठाव हाय का?"

इथे मी चुकले. नाही म्हटलं असतं तर कदाचित सुटले असते. पण लहानपणी बापाने मला एकच गोष्ट मारून मारून शिकवली होती. वाट माहीत नाही, असं आपल्या तोंडून कधी निघू नये. दुसऱ्या कशाचा अभिमान आम्हाला परवडत नव्हता, हा एक होता. माझं माहेर अकोल्याच्या अलीकडे, मोर्णा नदीजवळ. बापाच्या मागे चालून मला त्या मुलखातली प्रत्येक बाभूळ माहीत होती. कुठे जमीन बैल गिळते, कुठे खालून दगड लागतो, सगळं माहीत होतं.

"अकोल्यावरी ठाव हाय," मी म्हणाले. मान ताठ करून म्हणाले. मूर्ख बाई!

"मंग चाल."

"शिपाईदादा, पोर हाय घरी. पाजाची हाय."

"पुढच्या गावात सोडतो ना तुले."

पुढच्या गावातही कोणी नव्हतं. त्याच्या पुढच्या गावात एक माणूस होता, पण त्याचे पाय सुजून फुटले होते. त्याला उभं राहता येईना. शिपायाने त्याच्या पायाला जोड्याचं टोक लावून पाहिलं, खरंच सुजलेत की सोंग करतो म्हणून. दर गावात मी मनात हिशेब बदलत होते. आता फिरले तर दुपारपर्यंत घरी. आता फिरले तर दिवस मावळायला. मग हिशेब करायचं सोडून दिलं. दूध भरून भरून छाती दगडासारखी झाली होती. पाऊल टाकलं की कळ जायची. कुठे गाडी अडली की मी बाभळीआड जाऊन दूध मातीत पिळत होते. माझ्या पोरीचं दूध. काळ्या मातीने ते लगेच पिऊन टाकलं.

मुक्कामाला त्यांनी माझा पाय गाडीच्या चाकाला बांधला. मी पळून जाईन म्हणून. दावं बैलाचं होतं. बैल मोकळे चरत होते.

आणि दुसऱ्या दिवशी तो ओढा, आणि वासराची ती गोष्ट.

ओढ्यातून वर आल्यावर मी चालत राहिले. रडले नाही. माझ्या मागे दमणी, आणि दमणीच्या मागे कापसाच्या गाड्यांची रांग. पुढे वाटाड्या आहे हे कळलं की सगळे त्याच चाकोरीत गाड्या घालायचे. आता वीस-पंचवीस गाड्या झाल्या असतील. घुंगरं वाजत होती. ती घुंगरं वाटसरूंना बरं वाटावं म्हणून नव्हती. महार येतो आहे, बाजूला व्हा, सावली पडेल, हे कळावं म्हणून होती. म्हणजे माझ्या सावलीचा विटाळ, आणि माझ्या पावलांवर पाऊल टाकून अकोल्याला जायचं. तोवर हे कधी माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवशी आलं. छातीत ठणका होता, म्हणून असेल.

दुपारी आम्ही त्या फाट्याशी आलो. माझ्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर. इथे तीन चाकोऱ्या फुटतात. तिन्ही सारख्याच दिसतात. दोन चाकोऱ्या पुढे जाऊन गाळात शिरतात. वरून पापुद्रा सुकलेला असतो, खाली पुरुषभर चिखल. एकच वाट खडकाळ उतारावर जाते. पावसाने सगळ्या खुणा पुसल्या होत्या. बापाने मला ती वाट कशी ओळखायची हे शिकवलं होतं. मी ती एका नजरेत ओळखली.

मी थांबले.

"कोनत्या अंगानं?" शिपायाने विचारलं.

आधी मनात आलं, डावीकडे बोट दाखवावं. दमणी, गादी, दलाल, सगळं गाळात जाईल. खोटं कशाला सांगू, बोट उचलायला हात शिवशिवत होता. पण मग वाटलं, खोटी दाखवली तरी वाट दाखवल्यासारखंच झालं. बैल मरतील आणि मी पुन्हा त्यांच्या पुढेच उभी असेन, काठी घेऊन.

मी खाली बसले. चिखलातच.

"काहून बसली? वाट इसरली का?"

"नाई," मी म्हणाले. "वाट ठाव हाय. सांगत नाई."

शिपायाला आधी कळलंच नाही. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. त्याने गाडीवानाच्या हातातून आसूड घेतला. पाठीवर चार बसले, की पाच, आठवत नाही. एक कानावर बसला, त्या कानाने मला आजही कमी ऐकू येतं. मी दात आवळून बसले. ओरडले तर वाट तोंडातून निघून जाईल अशी भीती वाटत होती.

दलाल खाली उतरला. त्याचे जोडे चिखलात रुतले. पहिल्यांदाच तो माझ्याशी बोलला. तोवर तो माझ्याबद्दल बोलत होता.

"बाई, तुला पाहिजे तरी काय? उद्या बाजार आहे. माझं नुकसान होईल."

"माही पोर उपाशी हाय," मी म्हणाले.

"अकोल्याला पोचव, मग जा पोरीकडे. मी काय तुला कायमची ठेवून घेणार आहे?"

हेच पाटील म्हणाला होता. हेच शिपाई प्रत्येक गावात म्हणाला होता.

मागे गाड्या येतच होत्या. मागच्याला पुढचं दिसत नव्हतं, तो आपली गाडी पुढे रेटत होता. पुढच्या गाडीला मागचं जू लागलं. दोन्ही बाजूंना चिखल. दमणी पुढे जाईना, कारण वाट माहीत नाही. मागे वळेना, कारण जागा नाही. काल सकाळपासून मी जशी होते, तसे ते सगळे झाले. फरक एवढाच की मी पायी होते.

मी काठी तिथेच टाकली. उठले. गाड्यांच्या कडेने उलटी चालू लागले. शिपाई मागे धावला. दहा पावलांत त्याच्या जोड्यांना पायलीपायलीची माती चिकटली. पाय उचलेना. शिव्या मात्र बऱ्याच लांबपर्यंत आल्या. काळ्या मातीत कसं चालायचं हे अनवाणी माणसालाच कळतं. गाडीगाडीवरून लोक विचारत होते, "पुढं काय झालं वो? काहून थांबलं?" याच तोंडांनी ते सकाळी हसले होते.

थांबले नाही. बसले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले.

पोर जिवंत होती. सासूने गुळाच्या पाण्यात चिंधी बुडवून तिच्या तोंडात धरली होती, मग शेजारणीच्या शेळीचं दूध. रडून रडून तिचा आवाज बसला होता. मी तिला उचललं, छातीला लावलं. तिने तोंड फिरवलं. माझ्या अंगात ताप होता, दूध आत गोठलं होतं, आणि माझी पोर माझ्याकडे तोंड करीना. तीन दिवस. तेव्हा मी रडले. आसुडाखाली नाही रडले ते सगळं तेव्हा रडून घेतलं.

नवरा नंतर पंधरा दिवसांनी आला. त्यालाही असंच गावोगाव पुढे रेटत अकोल्याला नेलं होतं. तिथे मोर्णेच्या उतारावर रुतलेल्या गाड्या खांद्याने वर काढायला जुंपलं होतं. मी काय केलं हे ऐकून तो घाबरला.

"तुनं काहून नाई म्हनलं?" तो म्हणाला. "आता आपल्याले कोन जगू देईन?"

त्याचं भय खोटं नव्हतं. पाटलाने बोलावलं. नवरा माझ्या मागे उभा राहिला, खाली मान घालून. पाटील म्हणाला, "या घरातून वाट दाखवाले कोन येईन ते सांग."

"कोनी नाई," मी म्हणाले. "रस्ता पायजे त दगड टाका म्हना सरकारले. मानूस नोका टाकू."

त्या वर्षी खळ्यावरचा आमचा धान्याचा वाटा बंद झाला. गावाने आमच्याशी बोलणं सोडलं. आमच्यातल्याही कित्येकांनी सोडलं, कारण आमच्या पाळ्या त्यांच्यावर आल्या. त्यांचा राग मला समजतो. पण तो राग येईल म्हणून मी पुन्हा काठी धरणार नव्हते. आम्ही अकोल्याला आलो. कापूस निवडून, सरकी झाडून पोट भरलं. सुख मिळालं असं मी सांगणार नाही.

पुढे दगड पडले. सडक झाली, आगगाडी आली. सडकेचं काम चालू असताना एक सरकारी माणूस माझा पत्ता काढत आला. सांगणारा कोणी भेटेना म्हणून. "मोर्णेजवळची खडकाची वाट तुला माहीत आहे म्हणे. सांग, कागदावर मांडून घेतो." सभ्य होता बिचारा. मी त्यालाही सांगितलं, माहीत आहे, सांगणार नाही. त्याला वाटलं म्हातारी चळली. मी म्हातारी नव्हतेसुद्धा.

माझ्या पोरीला मी सगळं शिकवलं. रांधणं, वेचणं, भांडणं. वाटा शिकवल्या नाहीत. बापाने मारून मारून माझ्यात भरलेली प्रत्येक बाभूळ, प्रत्येक उतार, खालून दगड कुठे लागतो आणि जमीन बैल कुठे गिळते, सगळं अजून माझ्या डोक्यात आहे. त्यातलं एक पाऊलही मी कोणाला देणार नाही. मला पुरतील तेव्हा ते माझ्याबरोबर मातीत जाईल.