कानबाईचा मुखडा

जळगावात मेहरूणच्या बाजूला एका शाळेत मी पंचवीस वर्षं चित्रकला शिकवली. त्यामुळे चांगलं चित्र कोणतं आणि वाईट कोणतं, यावर माझं ठाम मत होतं आणि कोणी न विचारताही मी ते सांगत असे. प्रमाण हवं, रेषेत जोर हवा, रंगात संयम हवा. कॅलेंडरवरचे गुलाबी देव पाहिले की माझं डोकं उठायचं. नवरा म्हणायचा, हिला सगळीकडे प्रमाण लागतं, फक्त भाजीतल्या मिठाला लागत नाही.

माझं सासर धुळ्याकडचं, शेतकऱ्याचं घर. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तिथे खानदेशची देवी कानबाई बसते. आमची कानबाई म्हणजे कैक वर्षं जपलेला एक नारळ. त्याच्यावर सासूबाई दर वर्षी काजळ-कुंकवाने मुखडा काढायच्या. एक डोळा वर, एक खाली आणि नाक वांग्यासारखं. लग्न झाल्यापासून मी हसू दाबून ते बघत आले. मुखडा झाला की त्या समोर पाटावर बसून वर्षभराचं सगळं कानबाईला सांगायच्या. कपाशी कशी आली, म्हैस कधी व्याली, कोणत्या सुनेने काय उलट उत्तर दिलं. माझीही गाऱ्हाणी तिच्या कानावर गेली आहेत. मी ती स्वयंपाकघरातून ऐकली आहेत.

गेल्या वर्षी माघात माझी नणंद आजाराने गेली. पाचोऱ्याला दिलेली, सासूबाईंची एकुलती एक मुलगी. सासूबाई रडल्या नाहीत. माणसं भेटायला यायची, तर या त्यांच्या चहाचं बघायच्या. आम्हाला त्यांची भीती वाटायला लागली. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "कानबाईले सांगतीन त्या. श्रावन येवू दे."

श्रावण आला तोवर सासूबाईंचा मोतीबिंदू पिकला होता, हातही कापत होता. मुखडा काढायचं काम माझ्याकडे आलं. मी जळगावहून चांगले ब्रश आणि पोस्टर कलर नेले आणि सकाळभर खपले. पापण्या अर्धवट मिटलेल्या, ओठांवर बारीक हसू, नजर किंचित खाली. झाल्यावर मी मागे सरकून बघितलं आणि माझी मीच खूश झाले. भाऊबंदांनी फोटो काढले. दुपारपर्यंत मुखडा सगळ्यांच्या स्टेटसवर गेला.

संध्याकाळी रोटांचा नैवेद्य झाला, बायकांची गाणी झाली. मग सासूबाई पाटावर बसल्या. आम्ही सगळ्या काही ना काही निमित्त काढून आत निघून गेलो. तासभर त्या नुसत्या बसून राहिल्या, आणि उठून झोपायला गेल्या.

सोमवारी सकाळी, कानबाईला नदीवर न्हाऊ घालायला न्यायच्या आधी, मी त्यांना विचारलं, "आई, माझं काही चुकलं का?"

"मुखडा देखना शे, पोरी. बठ्ठास्ले आवडना," सगळ्यांना आवडल्याचं त्यांनी आधी सांगितलं. "पन ती मन्हाकडे देखत नही."

मला राग आला, खरं सांगते. मोतीबिंदू झालेल्या बाईला नजरेतलं काय कळणार, असंही मनात आलं. तरी त्यांच्या पाटावर जाऊन बसले. तिथून कानबाई खरोखरच आपल्यातच रमलेली दिसत होती. समोर कोण बसलंय, याच्याशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. मी ती लांबून बघणाऱ्यांसाठी काढली होती. चित्र कोणाला हवंय आणि कशासाठी, हे विचारायचं इतक्या वर्षांत मला सुचलं नव्हतं, याची लाज वाटली.

मी फडकं ओलं करून मुखडा पुसला. जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. काजळाची डबी मी सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी नारळ चाचपत बोटाने दोन डोळे काढले. मोठे, काळेभोर, टक्क उघडे. बोट घसरून काजळ गालावर उतरलं. नाक काढायचं राहूनच गेलं.

बाहेर वाजंत्री खोळंबली होती. त्यांना थांबा म्हणून सांगायला मी दारापर्यंत गेले, तेव्हा मागून सासूबाईंचा आवाज आला.

"माय, मन्ही पोर गयी वं," त्या म्हणाल्या, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा रडल्या.