शिंगाच्या रंगाला कलम कुठलं?

वकिलाच्या ऑफिसात धूळ आणि किस्से न सांगता साठतात. धूळ निदान झाडता तरी येते!

मी कोल्हापुरात मगदूम आण्णांकडं ज्युनिअर वकील आहे. विधानसभा कायदा करते, त्याखालचे बारीक नियम सरकारी खाती करतात. पण कायद्यानं दिलेल्या अधिकाराबाहेर खात्याला जाता येत नाही. गेलं, की आण्णा कोर्टात उभे! "हे कुठल्या कलमानं?"

*

एका खात्यानं नियम काढला, पिठाच्या गिरणीवाल्यानं पांढरेच कपडे घालावेत. पेठ वडगावच्या एका गिरणीवाल्याचा परवाना जायची वेळ आली.

आण्णा जजसाहेबांना म्हणाले, "कायदा पिठाच्या स्वच्छतेचा, कपड्याच्या रंगाचा न्हवं. आणि साहेब, गिरणीत घटकाभर थांबलं तर आमचा काळा कोटसुद्धा पांढरा होतोय!"

नियम गेला.

*

एकदा सरकारी वकील अडून बसले. "कायद्यात 'व इतर बाबी' असं लिहिलंय. त्यात सगळं आलं!"

आण्णा म्हणाले, "समोरच्या खानावळीच्या बोर्डावर 'जेवण व इतर' लिवलंय. म्हणून तिथं दाढी करून मागायची काय?"

*

आण्णांनी केस जिंकून दिलेला जयसिंगपूरचा एक व्यापारी भलताच धीट झाला. हेल्मेट नाही म्हणून हवालदारानं अडवलं, तर हा म्हणतो, "कुठल्या कलमानं?" हवालदारानं मोबाईलवर कलमच दाखवलं! यानं घाबरून आण्णांना फोन लावला.

"कलम दावलं न्हवं? मग घाल की हेल्मेट!"

*

आण्णांनी ऑफिसात फर्मान काढलं, केसच्या कागदांवर मिसळ ठेवायची नाही. आमची दुसरी ज्युनिअर स्नेहल घास गिळून म्हणाली, "आण्णा, हे कुठल्या कलमानं?"

आण्णांनी मिसळीकडं बघितलं. मग खुर्ची ओढली. "बरोबर हाय तुझं. मिसळीचा कट सरकव इकडं."

*

आता बाळू गवळ्याची केस. दिवाळी पाडव्याला म्हशी सजवून मिरवायच्या, आणि त्याच्या तोंडावर खात्याचा नियम आला, परवानगीशिवाय म्हशीची शिंगं रंगवायची नाहीत! परवानगी कोण देणार, ते खात्यालाही ठाऊक नाही. बाळूनं वर्षभर जपलेली राणी म्हैस गोठ्यात बिनरंगाची उभी. हा गडी जेवेना.

कोर्टात आण्णा म्हणाले, "कायदा जनावरांच्या साथीच्या रोगांचा. शिंगाला रंग लावणं हा रोग कुठला?"

खात्याचे साहेब ताठ मानेनं म्हणाले, "रंग पाहून इतर म्हशी बिथरतात. मी या नियमावर ठाम आहे."

कोर्टानं नियम रद्द केला. बाळूनं कोर्टाच्या दारातच आण्णांना उचललं!

पाडव्याला राणी निघाली, तिच्या शेजारी आण्णा आणि मी. लाल-पिवळी शिंगं, मोरपिसं, घुंगरं. गर्दीतनं कुणीतरी "ओ पावणं, थांबा की!" म्हणून ओरडत आलं. बघतो तर खात्याचे साहेब, बायकोपोरांसकट! पोरं राणीला टेकून उभी राहिली, साहेबांनी मोबाईल धरला, आणि वैतागून म्हणाले,

"आण्णा, जरा बाजूला व्हा की! शिंगं दिसंनात!"