घाटाखालचे पेशंट

आमच्या रांजणगावच्या कंपनीत मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो. त्यामुळे वैजूताई गेल्याचं मला कळलं ते फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर. फोन हातात घेतला तर आईचे, दाजींचे मिस्ड कॉल. कंपनीच्या बसमध्ये चढता चढताच मी दाजींना फोन लावला. ते म्हणाले, "सकाळी गेली. झोपेतच. तू ये, तुझ्यासाठी थांबलोय... पण गाडी जोरात चालवू नको." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. कारेगावला उतरून मी मोटरसायकल काढली आणि न्हावऱ्यावरून दौंडचा रस्ता धरला. वाटेत काय विचार केला ते आठवत नाही. नदीच्या पुलावर मात्र पाणी बघायला थांबलो, ते ताईच्या सवयीने. पुलावर गाडी थांबवून खाली बघितल्याशिवाय ती कधी पुढे जायची नाही. या गोष्टीला आता दीड महिना होत आला.

डॉ. वैजयंता ही माझी मावसबहीण, माझ्याहून थोडी मोठी. माहेर शिरूर तालुक्यातलं, सासर दौंडच्या बाजूला भीमेच्या काठाला. सासरी फुलशेती, झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. ती जनावरांची डॉक्टर होती. घराच्या पुढच्या अंगाला तिचा दवाखाना होता. आसपासच्या गावांत तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. अडलेल्या गाईम्हशीच्या बाबतीत तिच्यावर लोकांचा फार विश्वास. तिचा हात लहान होता, आणि आडवं आलेलं वासरू आतल्या आत फिरवायला लहान हात बरा पडतो, असं ती सांगायची. बोलणं कमी, चालणं भराभर. समुद्राशी तिचा संबंध म्हणाल तर कॉलेजच्या सहलीपुरता.

तो संबंध वाढला एका वादळामुळे. अरबी समुद्रात वादळ झालं होतं आणि आमच्याकडेही दोन दिवस नुसता वारा सुटला होता. वारा पडल्यावर झेंडूच्या सरीत काम करणाऱ्या बायकांना एक मोठा पांढरा पक्षी बसलेला दिसला. बदकाएवढा नव्हे, त्याहून मोठा. पंखांच्या कडा काळ्या, चोच पिवळसर आणि सुरीसारखी. त्याला उडता येत नव्हतं, धड चालताही येत नव्हतं. त्या दिवशी मला सुट्टी होती आणि मी सहज ताईकडे गेलो होतो. तिने पक्ष्याच्या अंगावर टॉवेल टाकून त्याला उचललं, दवाखान्यातल्या टेबलावर ठेवलं आणि श्वास बघायला चोचीवर वाकली. बराच वेळ वाकलेलीच. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अरे, याला नाकच नाही!"

खरंच, चोचीवर नाकपुड्या नव्हत्या. चोचीच्या टोकावरून मात्र पाण्याचे थेंब गळत होते. तिचे सासरे, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो, ते दारात उभे होते. ते म्हणाले, "सर्दी झालीया त्याला. वाऱ्यात हिंडलंय." ताईने एक थेंब बोटावर घेतला, जिभेला लावला आणि आप्पांना म्हणाली, "आप्पा, हे तर मिठाचं पाणी आहे." आप्पांनीही चव घेतली. "व्हय की... खारट हाय."

मग फोनाफोनी झाली. वनखात्यात कळवलं, पक्ष्यांच्या एका जाणकाराला फोटो पाठवला. तो पक्षी बूबी निघाला. भर समुद्रात राहणारा. उंचावरून बाणासारखा पाण्यात सूर मारून मासे धरणारा. नाकपुड्या उघड्या असत्या तर प्रत्येक सुरात नाकात पाणी गेलं असतं, म्हणून तो तोंडाच्या कोपऱ्यातून श्वास घेतो. गोडं पाणी त्याला कधी मिळतच नाही. म्हणून डोळ्यांवरच्या ग्रंथी रक्तातलं जादा मीठ काढून टाकतात आणि ते चोचीवरून ठिबकतं. ताई हे आम्हाला सांगत होती तेव्हा, शाळेत असताना नवीन काही कळलं की तिचा चेहरा जसा उजळायचा, तसा झाला होता.

आप्पांचं म्हणणं, पक्षी पाण्यातला आहे तर सोडा भीमेत. ताई म्हणाली, "नदीत याचं पोट भरणार नाही आप्पा, आणि सपाट जागेवरून हा उठणारही नाही. याला समोरून वारा पाहिजे." नदीवरच्या भोयांकडून चिलापी मासे आणून तिने त्याला चिमट्याने भरवली. बोटांना दोन-तीन चांगल्या जखमा करून घेतल्या. पक्षी सावरला तेव्हा झेंडूच्या क्रेटमध्ये त्याला घातलं आणि आम्ही तिघे, ताई, दाजी आणि मी, घाट उतरून कोकणात गेलो. वनखात्याचा माणूस सोबत होता. किनाऱ्यावरच्या उंच खडकावर वाऱ्याकडे तोंड करून ताईने क्रेट उघडलं. पक्षी काठापर्यंत सरपटत गेला, पंख पसरले, आणि... पंख मारलेच नाहीत त्याने. वाऱ्याने त्याला उचललं. ताई ओरडली वगैरे नाही. ओढणीने चष्मा पुसला आणि रिकामं क्रेट उचलून गाडीकडे निघाली.

तिथून परतलो असतो तर गोष्ट संपली असती. पण वनखात्याच्या माणसाबरोबर गणपतमामा म्हणून एक वयस्कर मच्छीमार आले होते. कासवांची अंडी राखण्याचं काम ते करायचे. ते ताईला म्हणाले, "बाय, तू जनावरांची डॉक्टर ना? मग आमचं एक जनावर बघशील काय?" त्यांच्या अंगणात अर्ध्या कापलेल्या पिंपात एक समुद्री कासव होतं. तुटक्या जाळ्यात अडकून त्याचा पुढचा एक पाय सडला होता. ताईने तोवर एकाही कासवाला हात लावला नव्हता. ती खाली बसली आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "याला पाय आत ओढून घेता येत नाहीत का?" मामा म्हणाले, "नाय गो. तळ्यातलं कासव घेतं आत. हा पोहणारा. याच्या हाताची वल्ही झालीत, ती आत कशी जाणार?" त्या कासवाला ती वाचवू शकली नाही. ते दोन दिवसांनी गेलं. पण त्यानंतर ताई शिकायला लागली. समुद्री कासवांवर काम करणाऱ्या डॉक्टरांना फोन करून, त्यांच्याकडे जाऊन राहून शिकली. महिन्यातून एकदोनदा घाट उतरू लागली. गावातले लोक विचारायचे, "काय डॉक्टरीणबाई, घाटाखालचे पेशंट काय म्हणत्यात?"

ते पेशंट तिला अवघड वाटायचे आणि तेच तिला आवडायचं. एकदा बुडून मेलं म्हणून होडीतल्यांनी बाजूला ठेवलेलं कासव तिने मागचा भाग उंच करून सावलीत ठेवायला लावलं. "उद्यापर्यंत टाकू नका," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने डोळा उघडला. पाण्यातलं जनावर पाण्यात बुडून मरतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. कासवाला फुप्फुसं असतात, श्वासासाठी वर यावंच लागतं, जाळ्यात अडकलं की वर येता येत नाही. दुसरं एक कासव नुसतं तरंगायचं, बुडी मारायला गेलं की एका अंगाने वर यायचं. ताई फोनवर मला म्हणाली, "पोट फुगलेल्या म्हशीसारखं दिसतंय रे हे." म्हशीच्या पोटफुगीत ती सुईने वारा काढायची. इथे वारा पोटात नव्हता, फाटक्या फुप्फुसातून कवचाखाली साठला होता. आपल्या शिक्षक डॉक्टरांना विचारून तिने तो सुईनेच काढला. ते कासव मोकळं झालं, आणि बुडी मारून टाकीच्या तळाशी गेलं तेव्हा गणपतमामांनी टाळी वाजवली म्हणे.

पण या जाण्यायेण्याची किंमत होती. ती कोकणात असताना गावातल्या तात्याबांची म्हैस अडली. दुसरे डॉक्टर लांब होते, पोचेपर्यंत उशीर झाला. म्हैसही गेली, रेडकूही गेलं. ताई परतल्यावर थेट त्यांच्या घरी गेली. मी तिथे होतो. तात्याबा उठले नाहीत, बसा म्हणाले नाहीत. म्हणाले, "समुद्रातली जनावरं वाचवा तुम्ही. आमची मरू द्यात." ताई अंगणातच खाली बसली, गोठ्याकडे बघत राहिली. तात्याबांच्या बायकोने चहा आणून दिला तो तिने प्याला, आणि निघाली. त्यानंतर तिने पाटसच्या एका तरुण डॉक्टरशी बोलून ठेवलं. तो दवाखान्यात येऊन बसेल तेव्हाच ती घाट उतरायची. तो आला नाही तर नाही जायची. तात्याबा मात्र तिच्याशी बोलत नव्हते. रस्त्यात दिसली तरी मान फिरवायचे.

पुढे तात्याबांची गाय अडली. दुपारची वेळ. दुसरं कोणी मिळेना म्हणून त्यांनी मुलाला पाठवलं आणि ताई लगेच गेली. मी तेव्हा दवाखान्यातच होतो, म्हणून तिची पेटी घेऊन मागोमाग गेलो. वासराचे पाय मागे दुमडलेले. ताईचा हात खांद्यापर्यंत आत, आणि नेमका तेव्हाच तिचा फोन वाजायला लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. ताई म्हणाली, "बघ रे कोण आहे." माझे दोन्ही हात गाईच्या दोरीला गुंतलेले. तात्याबांनीच फोन उचलला. पलीकडे गणपतमामा. किनाऱ्यावर जिवंत डॉल्फिन लागला होता, ओहोटीत अडकला होता, लोक त्याला शेपटीला धरून ओढायला निघाले होते.

"तात्याबा, माझ्या कानाला धरा फोन," ताई म्हणाली. आणि तात्याबांनी धरला. आतला हात तसाच ठेवून ती सांगत होती, "शेपूट ओढू नका मामा, सांधा निखळेल. चादरी ओल्या करून अंगावर टाका. डोक्यावरचं भोक उघडं ठेवा, त्यात पाणी जाऊ देऊ नका, त्यातूनच श्वास घेतो तो... सावली करा. अंगाखालची वाळू काढून खड्डा करा, त्याच्या दोन्ही वल्ह्यांखाली पण. भरती येईपर्यंत असंच. आणि गर्दी मागं हटवा, घाबरून मरेल." मध्येच गाईला म्हणायची, "झालं गं, झालं." मग पुन्हा फोनमध्ये. गाईने जोर केला तरी तात्याबांनी फोन कानापासून हलू दिला नाही.

वासरू जिवंत निघालं. कालवड. ताई हात धूत असताना तात्याबांनी विचारलं, "त्या माशाला ओलं का करायचं? पाण्यात ऱ्हाणारंच हाय ते." ताई म्हणाली, "मासा नाही तो. गाईसारखाच आहे, पिल्लाला दूध पाजतो, अंगात आपल्यासारखंच ऊन रक्त. थंड पाण्यात राहायचं म्हणून कातडीखाली चरबीची गोधडी असते. उन्हात वाळूवर पडला की तीच गोधडी त्याला भाजते. आणि पाणी नसलं की स्वतःच्याच वजनाने छाती दबते." तात्याबा गोठ्यातल्या गाईकडे बघत म्हणाले, "दूध पाजतंय... पाण्यात?" "पाण्यातच. आणि तुमच्या म्हशीपेक्षा दाट." संध्याकाळी मामांचा फोन आला, भरतीला डॉल्फिन पोहत समुद्रात गेला. ते सांगायला ताई मुद्दाम तात्याबांच्या घरी गेली. ते म्हणाले, "बसा, डॉक्टरीणबाई."

ताईचा आजार गेल्या पावसाळ्यानंतर कळला. पोटातला कॅन्सर, पसरलेला. घरच्यांपलीकडे तिने कोणाला सांगितलं नाही. उपचार चालू असतानाच ती एकदा कोकणात गेली, दाजी सोबत होते. जाळ्याने कापलेला कासवाचा पुढचा पाय काढायचा होता. ऑपरेशन तिने खुर्चीवर बसून केलं, दाजींनी पाठ धरून ठेवली. ते कासव म्हणजे मादी होती. जगली. पण तीन पायांवर सरळ पोहायला शिकायला तिला टाकीत काही महिने काढावे लागणार होते. ताई अंथरुणाला खिळली तेव्हा मामा व्हिडिओ पाठवायचे. ती ते बघून सांगायची, "अजून उजवीकडे ओढतीये. थांबा अजून." तात्याबा रोज सकाळी त्या कालवडीच्या आईचं दूध आणून द्यायचे. शेवटी शेवटी तिला ते पचत नव्हतं, तरी ते आणायचे आणि आप्पा ते ठेवून घ्यायचे.

दशक्रिया झाल्यावर काही दिवसांनी मामांचा फोन आला. कासव आता सोडता येईल, तुमच्यातलं कोणी यावं. दाजी निघाले, मी निघालो. गाडीत बसताना तात्याबा समोर उभे. डोक्याला धुतलेला फेटा. "मी येतो," एवढंच म्हणाले. त्यांनी समुद्र कधी बघितला नव्हता. किनाऱ्यावर पोचल्यावर ते पाण्याकडे बघतच राहिले, मग हळूच म्हणाले, "एवढ्या पाण्यातनं प्यायला एक थेंब न्हाई..." मामांनी आणि वनखात्याच्या माणसांनी कासव वाळूवर ठेवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं. तात्याबांनी दाजींकडे बघितलं. दाजी म्हणाले, "रडत नाही ती. मीठ काढते अंगातलं. वैजूनेच सांगितलं होतं मला." एक वल्हं कमी असल्यामुळे ती वाळूत वाकडी चालत होती. थोडी पुढे, मग थांबायची. कोणी मदत करायची नाही असं ठरलेलं होतं. पहिली लाट अंगावरून गेली, दुसरीने तिला उचललं, आणि पाण्यात ती वाकडी नव्हती. सरळ गेली. दाजी तेव्हा रडले. ताई गेल्यापासून पहिल्यांदा.

दवाखाना आता पाटसचा तो तरुण डॉक्टर चालवतो. गेल्या रविवारी मी तिथे थोडा वेळ बसलो होतो. पूर्वेच्या खिडकीच्या काचेला ताईने एक्स-रेच्या फिल्मा चिकटवलेल्या आहेत: गाईचा खुर, कुत्र्याची मोडलेली मांडी, आणि त्यांच्याशेजारी त्या मादीचा काढून टाकलेला पाय. बाहेरून तो नुसता चपटा वल्ह्यासारखा होता, पण फिल्ममध्ये आत पाच लांब बोटं स्पष्ट दिसतात, पेरं मोजता येतात. सकाळचं ऊन त्यातून येतं. शेळी घेऊन आलेली एक बाई रांगेत बसली होती. ती बराच वेळ खिडकीकडे बघत होती. मग तिने विचारलं, "हा कुणाचा हात म्हनायचा?"

दाजी आत झेंडूची क्रेटं मोजत होते. ते बाहेर आले, खिडकीपाशी उभे राहिले आणि तिला पहिल्यापासून सांगायला लागले.