साधन निकामी ठरले

बोरीवलीच्या एका लहान प्रसूतिगृहात मी सतरा वर्षं नर्स होते. त्यातली अकरा वर्षं माझं टेबल डॉक्टर मॅडमच्या केबिनबाहेर होतं. गर्भपातासाठी आलेली बाई आधी माझ्यासमोर बसायची आणि फॉर्म मी भरायचे. नाव, वय, मुलं किती, आणि शेवटी कारण. कारणांत एक ओळ छापलेली होती : ‘गर्भनिरोधक साधन निकामी ठरले’. बहुतेकींची खूण तिथेच व्हायची. काहींनी साधन वापरलेलंच नसायचं, त्यांनाही मीच ती ओळ दाखवायचे. पण पुष्कळ जणींचं ते खरं असायचं. गोळी घ्यायची राहिली, निरोध फाटला, असंच काहीतरी.

पिशवीची सफाई झाली की घरी जाताना मी त्यांच्या हातात गोळ्यांचं पाकीट द्यायचे. “नीट घ्या, म्हणजे पुन्हा इथे यावं लागणार नाही.” हे मी मनापासून सांगायचे. मला गर्भपात कधीच पटले नाहीत, आणि ते थांबवायचा हाच उपाय आहे असं वाटायचं.

चारकोपच्या एक शिक्षिका तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी जरा चिडूनच विचारलं, “गोळ्या घेत होतात ना?”

“घेत होते. गावी गेले, दोन दिवस चुकल्या.”

“मग घरी जाऊन नीट विचार तरी करा. लगेच सही कशाला करताय?”

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “विचार कसला, सिस्टर? मूल नको म्हणूनच गोळी घेत होते ना? नको हे तेव्हाच ठरलेलं.”

त्यांनी सही केली. मी डबा खायला गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी मलाच दिवस गेले. मी एकोणचाळीस वर्षांची, मुलगी दहावीला, आणि तांबी बसवलेली. सोनोग्राफीच्या वेळी मॅडमनी सवयीने स्क्रीन पलीकडे वळवला होता. मी म्हटलं, “मला बघू द्या.” इवलंसं काहीतरी लुकलुकत होतं. ते ठोके होते.

दुपारी नवरा जेवायला घरी आला तेव्हा सांगितलं.

“अगं, पण तांबी होती ना?” मिक्सर बिघडल्यासारखं त्याने विचारलं.

“होती.”

“मग झालं तर. आपल्याला नकोच होतं ना? सांग मॅडमला, तुझीच माणसं आहेत ती.”

“ठोके बघितले मी.”

“बघायचेच कशाला?”

त्या शिक्षिका जे बोलल्या होत्या तेच हा बोलत होता. अकरा वर्षं मीच बायकांना ते शिकवत होते. त्याने जबरदस्ती केली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मलाही पुन्हा सगळं पहिल्यापासून नको होतं.

गुरुवारी सकाळी झालं. फॉर्म माझ्या जोडीदार नर्सने भरला. कारण तिने विचारलंसुद्धा नाही. नंतर मॅडम ट्रे घेऊन आल्या. त्यात फक्त तांबी होती. “बघ, खाली सरकली होती,” त्या म्हणाल्या. ट्रेमध्ये दुसरं काही ठेवलेलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही.

तीन दिवसांनी मी टेबलावर परत बसले. एका तरुण मुलीला पाकीट देताना नेहमीचं वाक्य तोंडून निघेना. त्याऐवजी विचारलं, “ह्या गोळ्या फेल गेल्या तर काय करशील गं?”

ती हसली. “मग तुम्ही आहात ना!”

त्याच दिवशी मी मॅडमना म्हटलं, मला इथून हलवा. त्या वैतागल्या. “वेडी आहेस का? ह्या गोळ्या नसत्या तर दुप्पट बायका आल्या असत्या.”

“आल्याही असत्या. मला ते कळत नाही, मॅडम. पण साधन फेल गेलं की त्या सरळ इकडेच येतात. मूल आलंय असं त्यांच्या मनातच येत नाही. माझ्याही आलं नाही.”

“आणि त्या मुलांना वाढवणार कोण? तू?”

मी हट्ट सोडला नाही. त्यांनी मला लसीकरणाला बसवलं. वर्षभराने मी नोकरीच सोडली.

घरी मी नवऱ्याला सांगून टाकलं, “यापुढे मी काही बसवणार नाही, गोळ्याही घेणार नाही. आणि काही झालं तर ठेवणार.”

“चाळिशीत? लोक हसतील गं.”

“आपलं एक मूल गेलंय रे.”

“मूल नव्हतं ते,” तो म्हणाला. हात धुतले आणि कामाला गेला.

त्या आठवड्यात त्याने आपली गादी हॉलमध्ये नेली. याला आता सहा वर्षं झाली. आम्ही भांडत नाही. भाजी कुठली, लाइट बिल भरलं का, एवढं बोलतो. बाबा घोरतात म्हणून आईला झोप लागत नाही, असं आम्ही मुलीला सांगितलंय.