मुलांच्या एक पान पुढे

ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडला की त्याचा खारट, किंचित कुजका आणि तरीही जिवाला हवासा वाटणारा वास सकाळच्या कोवळ्या उन्हाबरोबर आमच्या ओटीवर येई, आणि चुलीवर रटरटणाऱ्या पेजेच्या, ओल्या पाटीच्या, दमट कागदाच्या वासात नकळत मिसळून जाई. आयुष्यातल्या पुष्कळ गोष्टी मी विसरले. पण एकोणीसशे तिसाच्या सुमाराचे ते एक वर्ष अजूनही मला त्या वासासकट आठवते. त्या वर्षी मी सत्तावीस वर्षांची होते, आणि माझ्या दोन मुलांची शाळा आमच्या ओटीवर भरत असे.

रेवदंड्याच्या खाडीच्या दक्षिण काठावर आमची वाडी. पाठीशी डोंगर, समोर खाऱ्या चिखलाचे खाजण, आणि मधे तीस-चाळीस घरे. माझे यजमान मुंबईला एका व्यापारी पेढीत कारकून होते; दिवाळीला, शिमग्याला आणि वैशाखात घरी येत. वाडीतल्या देवळाच्या पडवीत चौथीपर्यंतची शाळा भरे. एका माघात तिचे मास्तर बदलून गेले आणि त्यांच्या जागी कोणी आलेच नाही. दुसरी शाळा खाडीपलीकडे, रेवदंड्याला. पण पावसाळ्याचे चार महिने होडीचा भरवसा नसे. पाणी चढले की नावाडी हात जोडून घरी बसत.

त्या वैशाखात हे घरी आले ते सगळे ठरवूनच. दत्तू सात वर्षांचा होता. त्याला मुंबईला थोरल्या दिरांकडे ठेवायचे. अंबू दहा वर्षांची; तिची चौथी झालीच होती.

"मुलीच्या जातीला तेवढं पुष्कळ झालं," हे म्हणाले.

त्यांच्या बोलण्यात कठोरपणा नव्हता. सर्वांच्या घरी जे होत होते तेच ते सांगत होते. पण मला एकाच वेळी दोन गोष्टी दिसल्या: बोटीच्या कठड्याला धरून उभा असलेला दत्तू, आणि पाटी फळीवर ठेवून कायमची चुलीकडे वळलेली अंबू.

"एक वर्ष मला द्या," मी म्हणाले. "दोघांना मी शिकवते."

"तू? काय काय शिकवशील?"

"तुम्ही म्हणाल ते."

हे उत्तर मी कुठल्या बळावर दिले, देव जाणे. माझी मराठी सहावी झाली होती. संस्कृत म्हणाल तर लहानपणी कानांवर पडलेली चार स्तोत्रे तोंडपाठ. त्यांतल्या एका शब्दाचाही अर्थ मला सांगता आला नसता. आणि यांना तर सर्वांत आधी हवे होते ते संस्कृतच. त्यांचे आजोबा व्युत्पन्न होते. यांचे स्वतःचे शिक्षण मात्र नोकरीपायी अर्ध्यावर तुटलेले. जे आपल्याला मिळाले नाही ते मुलाला तरी मिळावे, ही तहान त्यांच्या मनात शांतपणे जळत राहिलेली मी पाहिली होती. ते हसले नाहीत. सबंध संध्याकाळ ओटीवर बसून त्यांनी तांबड्या शाईने एक वेळापत्रक आखले. पहाटे पाचपासून दिवेलागणीपर्यंत संस्कृत, मराठी व्याकरण, अंकगणित, भूमिती, इतिहास, भूगोल, इंग्रजी, मोडी आणि शुद्धलेखन, असे नऊ विषय. येत्या चैत्रात चौलचे शास्त्रीबुवा परीक्षा घेतील आणि मग काय ते ठरवू, असे बोलणे झाले. जाताना मला त्यांनी एक जुने, कडा झिजलेले संस्कृताचे पहिले पुस्तक दिले.

वेळापत्रक मी तांदळाच्या खळीने भिंतीवर चिकटवले. वीस दिवस आम्ही तिघांनी त्याची आज्ञा पाळली. एकविसाव्या दिवशी भर दुपारी, भूमितीच्या तासाला, दत्तू पाटीवर गाल टेकून झोपी गेला. मी त्याला हलवून उठवले, तो पुन्हा झोपला, आणि मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो रडला नाही. नुसता माझ्याकडे पाहत राहिला, अनोळखी माणसाकडे पाहावे तसा. अंबूने मात्र हातातली लेखणी खाली ठेवली. आत भात करपल्याचा वास सुटला होता. त्याच वेळी धर्मी कोळीण मासळीची पाटी घेऊन अंगणात आली होती. तिने सगळे पाहिले.

"झोपलाय तं झोपू दे की, बाय," ती पाटी उतरवता उतरवता म्हणाली. "जागा करून काय भरनार हाय त्याच्यात?"

तिने बोंबील मोजून दिले आणि ती निघून गेली. मी ओटीवर येऊन वेळापत्रकापुढे बराच वेळ उभी राहिले. त्या सुरेख तांबड्या अक्षरांत मुलांच्या भुकेसाठी जागा नव्हती, माझ्या स्वयंपाकासाठी नव्हती, आणि एखादा शब्द मनात मुरायला जो रिकामा वेळ लागतो त्याच्यासाठी तर मुळीच नव्हती. पाण्याचा हात लावून मी तो कागद अलगद सोडवला आणि घडी करून पेटीत ठेवला. फाडवला नाही, एका माणसाची हौस होती ती.

दुसऱ्या दिवसापासून मी माझ्या ऐपतीचा अभ्यास आखला. शाळा सकाळीच, पेज झाल्यापासून भाताचे आधण ठेवीपर्यंत. रोज संस्कृताचा एकच शब्द. तो सातही विभक्तींत चालवायचा आणि दिवसभर येता-जाता म्हणायचा. दहा ओळी लिहायच्या, पण एकही अक्षर कलंडता कामा नये. चार गणिते. आठवड्यातून दोनदा मोडी. बाकीचे विषय मी घराच्या आणि वाडीच्या स्वाधीन केले. भूगोल म्हणजे समोरून जाणाऱ्या गलबतांनी कुठून काय आणले ते नाखव्यांना विचारून यायचे. इतिहास म्हणजे खाडीच्या तोंडावरचा किल्ला कोणी बांधला आणि कोणी घेतला, ते वाडीतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकायचे. दुपार मुलांची. तिन्हीसांजेला मी एखादी गोष्ट मोठ्याने वाची आणि त्या दोघांनी ती आपल्या शब्दांत मला परत सांगायची. इंग्रजी आणि भूमिती मी सोडूनच दिली. मला ती येत नव्हती, हे त्याचे खरे कारण. यांना लिहिताना मात्र "पुढे पाहू" एवढेच लिहिले.

आणि संस्कृत तरी मला कुठे येत होते? मुले दुपारी आंब्याखाली खेळायला गेली की मी माजघराच्या खिडकीशी ते झिजलेले पुस्तक घेऊन बसे. आषाढाचा काळवंडलेला उजेड, कौलांवरून संथपणे गळणारे पाणी, चुलीवर वाळत टाकलेल्या ओल्या लाकडांचा तुरट धूर, आणि त्यात मी एकटी, ओठांतल्या ओठांत "नदी नद्यौ नद्यः" पुटपुटत बसलेली. उद्याचा धडा आज शिकायचा आणि उद्या तो जन्मजात येत असल्यासारखा शिकवायचा! मुलांच्या मी नेमके एक पान पुढे होते. ही गोष्ट त्यांना कळली तर माझा सारा अधिकार कोसळेल, असे भय मला सतत वाटे. पण भयाबरोबर दुसरेही काही त्या खिडकीशी येऊन बसू लागले होते. लहानपणापासून ज्या स्तोत्रांचा नुसता नाद माझ्या कानांत होता, त्यांतला एकेक शब्द आता पाकळी उलगडावी तसा उलगडे, आणि एवढी वर्षे हे आपण अर्थावाचून म्हणत आलो, या जाणिवेने अंगावर काटा येई. वाचता वाचता कधी चूल विझून जाई आणि मला त्याचे भान नसे.

श्रावणातल्या एका सकाळी अंबूने स्तोत्राच्या पोथीवर बोट ठेवून विचारले, "आई, लक्ष्मीपुढे इथे ही दोन टिंबं का? नदीपुढे तर नसतात. तू म्हणालीस, लक्ष्मी नदीसारखीच चालते."

मी पाहिले. विसर्ग होता खरा. आमच्या पुस्तकातले नेमके ते पान कसरीने खाल्लेले होते, आणि 'लक्ष्मी' नदीसारखी चालते हे मी केवळ अंदाजाने ठरवले होते.

"छापणाऱ्याची चूक असेल," मी म्हणाले.

अंबूने माझ्याकडे पाहिले, मान हलवली आणि ती लिहू लागली. मीही तो विषय मनाआड केला.

दिवस आपल्या गतीने जात राहिले. भात कापून झाले, खळ्यातल्या पेंढ्याचा सुवास सरला, थंडीत वालाच्या शेंगा भरल्या. दत्तू 'देवः देवौ देवाः' झोपाळ्याच्या झोक्यावर म्हणू लागला, आणि माझ्या लक्षात आले की त्याला आता हाक मारून अभ्यासाला बोलवावे लागत नाही. अंबूचे अक्षर तर असे वळणदार झाले की वाडीतल्या बायका मुंबईची पत्रे तिच्याकडून लिहून घेऊ लागल्या.

चैत्रात हे आले, आणि चौथ्या दिवशी शास्त्रीबुवाही आले. सत्तरीचा कृश देह, खांद्यावर पांढरे उपरणे, डोळ्यांत एक खट्याळ शांतपणा. मुले समोर बसली. मी दाराच्या आड उभी राहिले. दत्तूने न अडखळता शब्द चालवले, गोष्ट सांगितली, गणिते केली. यांचा चेहरा उजळत गेला. मग बुवा अंबूकडे वळले. तिला त्यांनी बरेच खोलात नेऊन विचारले आणि ती शांतपणे उत्तरे देत गेली.

"आता लक्ष्मी चालव," बुवा म्हणाले.

अंबू थांबली. तिने एकदा दाराकडे पाहिले, आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "लक्ष्मी लक्ष्म्यौ लक्ष्म्यः."

"प्रथमेला विसर्ग हवा, बाळ. लक्ष्मीः. कोणी सांगितलं तुला असं?"

अंबू खाली मान घालून म्हणाली, "माझंच चुकलं."

मी दाराबाहेर कशी आले ते मला आठवत नाही. परक्या पुरुषासमोर ओटीवर येऊन बोलण्याची आमच्याकडे रीत नव्हती. "तिचं नाही चुकलं," मी म्हणाले. "मी तिला तसं शिकवलं. तिनं विचारलंही होतं. मी तिला खोटं सांगितलं."

यांची मान खाली गेली. बुवा माझ्याकडे वळले.

"आपण कोणापाशी शिकलात?"

"कोणापाशीच नाही. ह्या एका पुस्तकावरून. मुलांबरोबरच."

"आणि चूक सापडली ती एक," बुवा यांच्याकडे वळून म्हणाले. मग मला म्हणाले, "दर पौर्णिमेला मी तुमच्या वाडीतल्या देवळात येतो. जे अडेल ते लिहून ठेवत जा. मला येत असेल तर सांगेन."

ते गेल्यावर दुपारी आम्ही अंगणात पांढऱ्या कांद्याच्या माळा विणत बसलो होतो. सुकलेल्या पातीचा उग्र गोड वास हातांना लागला होता. मी अंबूला विचारले, "तुला ते माहीत होतं ना?"

"हो. दुसऱ्या एका स्तोत्रातही तशीच टिंबं आहेत."

"मग बोलली का नाहीस?"

ती पातीचा पेड घालत राहिली. "चुकलं म्हटलं असतं, तर तू शिकवायचं बंद केलं असतंस. मग काय केलं असतं मी?"

माझा अधिकार मी जिवाच्या आकांताने सांभाळत होते, आणि ती दहा वर्षांची पोर आपली शाळा वाचवण्यासाठी माझी चूक सांभाळत होती.

दत्तू शेवटी मुंबईला गेलाच. त्याचा पाया इतका चांगला झाला आहे की आता इंग्रजी शाळेत तो मागे पडणार नाही, असे हे म्हणाले, आणि ते खरे होते. मी चांगले शिकवले म्हणून तो माझ्यापासून लवकर गेला. ज्येष्ठात त्याला न्यायला हे पुन्हा आले; बोटी बंद होण्याआधीची शेवटची बोट होती. निघताना यांनी पायात वहाणा चढवल्या आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "अंबूचं चालू ठेव. मोठं व्याकरण मुंबईहून पाठवतो." एवढेच. पण त्या माणसाला तेवढे म्हणायला किती लांबून यावे लागले होते, ते मला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर आम्ही दोघीच होतो. दत्तूची जागा रिकामी होती आणि तिकडे कोणी पाहत नव्हते. थोड्या वेळाने अंबूने विचारले, "आई, 'मी'साठीच्या अस्मद् शब्दाला लिंग का नसतं गं?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. किती सहज आले ते शब्द! अंबूने क्षणभर माझ्याकडे पाहिले, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेले. तिने एक कोरी वही काढली, पहिल्या पानावर बुवांसाठी तो प्रश्न लिहिला, त्याखाली दुसरा लिहिला. मग वही माझ्याकडे सरकवून लेखणी माझ्या हातात दिली.

गेले वर्षभर त्या खिडकीशी बसून मनात साचलेले कितीतरी होते. मग पदर खोचून मांडी घातली, आणि तिसरा प्रश्न मी लिहिला.